लोहाराच्या हातची सुरी

मागें आमच्या एका स्नेह्यांनीं शहरांतील एका दुकानांतून ‘हातघडणीची’ म्हणून एक सुरी आणिली. काळसर पातें, त्यावर हातोड्याचे ठसे, खडबडीत लांकडी मूठ. पाहतांच मन प्रसन्न व्हावें असा तिचा गांवठी थाट होता. किंमतहि त्या थाटास शोभेल अशीच. परंतु ठसे नीट न्याहाळले तों सारे एकाच मापाचे व एकाच अंतरावर! पातें साच्यांतून निघालेलें होतें. महिन्याभरांत त्याचा काळा रंगहि घासणीनें निघून गेला.

खरी घडीव सुरी याहून पुष्कळ स्वस्तांत मिळते, व तिच्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. आठवड्याच्या बाजारीं लोहार बसतो; रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचीं बिऱ्हाडें उतरतात. आमची सुरी आम्हीं अशाच एका बिऱ्हाडापुढें उभे राहून करवून घेतली. नवऱ्यानें सांडशींत लोखंड धरलें होतें; घण मात्र बायकोच्या हातीं. मोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा त्यांनीं निवडला, आणि खरी मेख यांतच आहे. या पोलादांत कर्बाचें प्रमाण शेकडा अर्ध्या भागाहून कांहींसें अधिक असतें. म्हणून तें लाल तापवून एकदम थंड केलें कीं कठीण होतें. खिडकीच्या गजाचें साधें लोखंड कितीहि वेळां तापवून बुडविलें तरी त्याला टिकाऊ धार येत नाहीं. मात्र नुसतें पाणी दिलेलें पातें ठिसूळ राहतें. म्हणून त्या बाईंनीं तें घासून उजळ केलें, पुनः मंद आंचेवर धरलें, आणि गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढतांच खालीं घेतलें. हा रंग सुमारें २२० ते २३० अंशांवर येतो. बाईंपाशीं उष्णता मोजण्याचें कसलेंहि साधन नव्हतें.

सांगतांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावी: भाजीची सुरी हवी, कोयता नव्हे. या मंडळींचा हात जाड पात्याला सरावलेला असतो, आणि जाड पात्यानें गाजर चिरलें जात नाहीं, फुटतें. पात्यावरील भट्टीची काळी खपली घासून काढूं नका, असेंहि सांगावें. दुकानदार ज्याचे पैसे घेतो तें रूप हेंच. धारेवरून कानस ओढून पाहावी. ती घसरली तर पाणी बरोबर बसलें. खरडूं लागली तर नाहीं. लोहचुंबक चिकटला म्हणजे साधें पोलाद, हा समज सोडून द्यावा. सुऱ्यांच्या न गंजणाऱ्या पोलादालाहि तो बहुधा चिकटतोच. त्यापेक्षां उजळ भागावर लिंबाचे दोन थेंब ठेवावे. थोड्या वेळानें डाग काळवंडला तर पोलाद साधें.

आतां अडचणीची बाजू. हॅरी ब्रिअर्ली यांनीं १९१३ सालीं शेफील्ड येथें न गंजणारें पोलाद तयार केलें, तेव्हांपासून सुरी पुसण्याची संवय घराघरांतून हळूहळू गेली. घडीव सुरी चिरणें संपतांच धुवावी, पुसावी आणि तिला तेलाचें बोट लावावें. आंबट फळें तिनें चिरूं नयेत. फोडी काळ्या पडतात व लोखंडाची चव लागते. एकट्यादुकट्याच्या संसारांत हें सहज जमतें. आमच्या अकरा माणसांच्या घरांत पहिल्याच महिन्यांत ती तीनदां गंजली, कारण दुसऱ्या कोणीतरी पुसली असेल असें प्रत्येकास वाटे. तिसऱ्या वेळीं सासूबाईंनीं राखेनें गंज काढला आणि ‘ही परत देऊन या’ म्हणून सांगितलें. अखेर धाकट्या जाऊबाईंनीं मोरीपासून दूर, ओट्याच्या वरच्या भिंतींत एक खिळा ठोकला, त्याला सुरी टांगली आणि शेजारीं कोरडें फडकें अडकविलें. तेव्हांपासून तिच्यावर गंज नाहीं. पातें आतां करडें-निळसर झालें असून कांदा पूर्वीसारखा काळा पडत नाहीं. सासूबाई केळफूल याच सुरीनें चिरतात.

तें बिऱ्हाड पंधरा दिवसांनीं पुढें गेलें. उन्हाळ्यांत पुनः याच रस्त्यानें येऊं, असें बाई म्हणाल्या आहेत. एक लहान सुरी करवून घ्यावयाची आहे. तिचें माप कागदावर काढून ठेविलें आहे.