तीन सेटलरचं मेरिट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ‘सिव्हिलायझेशन ६’ हा गेम ‘डेइटी’ या सर्वांत अवघड पातळीवर जिंकलो. सव्वा वर्ष लागलं. इंजिनिअरिंगच्या मित्रांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. अभिनंदनाच्या गर्दीत एकाने लिहिलं, “डेइटीवर एआयला रिझर्वेशन असतं. तरी तू ओपनमधून काढलंस. मानलं!” त्यावर धडाधड हसरे चेहरे पडले. त्यातला एक माझा होता.

तो विनोद वाईट चवीचा होता, पण माझी मुख्य तक्रार ती नाही. माझी तक्रार अशी की तो साफ चुकीचा होता. आणि हे सांगायला मी बऱ्यापैकी लायक आहे, कारण त्या पातळीवर मी चाळीसेक वेळा हरलो आहे.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळ इ.स.पू. ४००० मध्ये सुरू होतो. तुमच्याकडे एक सेटलर, म्हणजे गाव वसवणारी टोळी, आणि एक योद्धा असतो. तिथून शेती, लिपी, तोफा, रेल्वे करत अवकाशयानापर्यंत पोचायचं. अवघडपणाच्या आठ पातळ्या आहेत. चौथीवर, ‘प्रिन्स’वर, माणूस आणि संगणक साधारण समान असतात. तिथून वर गेलं की संगणक जास्त डोकं चालवू लागतो असा बहुतेकांचा समज असतो. तसं काही होत नाही. तो तितकाच ढ राहतो, फक्त श्रीमंत होतो. आठव्या पातळीवर, म्हणजे डेइटीवर, संगणकाचा प्रत्येक राजा एकाऐवजी तीन सेटलर घेऊन जन्माला येतो. योद्धेही जास्त. प्रत्येक लढाईत त्याच्या सैन्याला ४ गुण फुकट. उत्पादन, सोनं, विज्ञान यांवर वरकड टक्के, आणि तेही शेवटच्या चालीपर्यंत.

तीन सेटलर म्हणजे नेमकं काय, हे पहिल्या पन्नास चालींत अंगाला लागतं. मला दुसरं गाव हवं असेल तर एकुलत्या एका गावाचं सगळं उत्पादन बऱ्याच चाली त्या सेटलरमध्ये घालावं लागतं. तेवढा वेळ मी गोफणधारी बनवू शकत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या राजाचे योद्धे सीमेवर दिसू लागतात. गोफणधारी बनवले तर गाव वाचतं, पण दुसरं गाव होत नाही. ते होईपर्यंत शेजाऱ्याने नदीकाठची सगळी चांगली जमीन अडवलेली असते. त्याने यासाठी काही विशेष केलेलं नसतं. त्याच्याकडे पहिल्या चालीला तीन होते, तीनाचे सहा झाले, इतकंच. माझ्या बहुतेक हारी पंचविसाव्या ते साठाव्या चालीच्या मध्ये झाल्या. उरलेल्या फक्त उशिरा लक्षात आल्या.

संगणकाला ही खैरात का लागते? मार्च २०१६ मध्ये अल्फागोने ली सेडॉलला गोमध्ये ४–१ असं हरवलं. बुद्धिबळात तर डीप ब्लूने १९९७ मध्येच कास्पारॉव्हला नमवलं होतं. ‘सिव्हिलायझेशन ६’ ऑक्टोबर २०१६ मध्ये आला, तरी त्यातला संगणक बराबरीच्या खेळात सरावलेल्या माणसापुढे टिकत नाही. बुद्धिबळात एका वेळी एक मोहरा हलतो. इथे एकाच चालीत डझनभर तुकड्या, पाच-सहा शहरं, करार आणि संशोधन हलतं. शिवाय त्याचं उत्तर सामान्य लॅपटॉपवर काही सेकंदांत द्यावं लागतं. तटबंदी असलेलं शहर कसं घ्यायचं, हे त्याला धड कधी कळत नाही. ‘सिव्हिलायझेशन ४’चे प्रमुख रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी २००८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये या विषयावर भाषण दिलं होतं. त्याचं नावच ‘प्लेइंग टू लूज’ होतं, म्हणजे हरण्यासाठी खेळणं.

माझा मित्र हेच पुरावा म्हणून पुढे करतो. “बघ, ढ आहे म्हणून जास्त दिलं. यालाच रिझर्वेशन म्हणतात.”

नाही. क्षणभर गेम बंद करू आणि फक्त वर्णन वाचू. एक जण पहिल्याच चालीला, कुणी काही करून दाखवण्याआधी, तीन गावांसह उभा आहे. शेजारच्याकडे एक आहे. पहिला यथातथा खेळतो, चुका करतो, तरी शंभराव्या चालीला गुणफलकावर वर असतो, कारण चुका पचवायला त्याच्याकडे पुरेसं आहे. आपल्याकडे अशा मुलाला काय म्हणतात? आरक्षणवाला नाही म्हणत. ‘चांगल्या घरातला’ म्हणतात.

सुरुवातीची वाटणी कशी दिसते याचे आकडे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. ते सगळे ढ होते असं मी म्हणत नाही, बरेच जण हुशार असतील. पण ७१ पैकी ६० हा हुशारीचा आकडा असू शकत नाही. तो पहिल्या चालीच्या वाटपाचा आकडा आहे. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने महाराजांनी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्यांनी कुणाला तीन सेटलर दिले नाहीत. ज्याला पटावर येऊच दिलं नव्हतं, त्याला एक सेटलर मिळावा एवढं पाहिलं.

आता माझ्या विजयाबद्दल, कारण त्या स्क्रीनशॉटमध्ये दोन गोष्टी दिसत नव्हत्या.

पहिली म्हणजे रिस्टार्टचं बटण. नकाशा आवडला नाही की ते दाबायचं, नवी भूमी मिळते. जिंकलेल्या डावाआधी मी ते चौदा वेळा दाबलं होतं. बर्फाळ टुंड्रा नको. वाळवंट नको. युद्धखोर शेजारी खेटून नको. पंधराव्या वेळी कोरिया घेऊन मी नदीकाठी, डोंगराच्या आडोशाला, जगाच्या एका निवांत कोपऱ्यात उतरलो. कोरियाच्या विद्यापीठांना या गेममध्ये जन्मजात विज्ञान जास्त मिळतं. पुढे मी नेटाने खेळलो हे खरंच. छंदशास्त्रकार पिंगल इथे गव्हर्नर म्हणून मिळतो, त्याला राजधानीत बसवला. दागिन्यांची रत्नं शेजाऱ्यांना चढ्या भावाने विकली. तट वेळेत बांधले. पण मी आधी जन्म निवडला, मग मेहनत केली.

दुसरी गोष्ट म्हणजे सेव्ह केलेली फाइल. त्या डावात माझं एक शहर पडलं. मी दहा चाली मागे गेलो आणि यावेळी तिथे धनुर्धारी ठेवले. खऱ्या आयुष्यात याला ड्रॉप घेणं म्हणतात. मी बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेतला होता. आईवडिलांनी क्लासची फी दुसऱ्यांदा भरली, घरात कुणी आवाज चढवला नाही, माझी खोली माझीच राहिली. आजोबा सरकारी नोकरीत, पुण्यात स्वतःचं घर, आई पदवीधर: हे माझे तीन सेटलर. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला तो पहिलाच. पहिल्या फटक्यात नंबर लागला नसता तर तो मामाच्या गॅरेजमध्ये गेला असता, असं त्याने एकदा मेसमध्ये सहज सांगितलं होतं. प्रवेशयादीत त्याचे गुण माझ्यापेक्षा कमी होते. चार वर्षं आम्ही त्याला त्यावरून ‘गमतीने’ बोलत होतो. माझे गुण दुसऱ्या प्रयत्नातले आहेत, हे मला कुणी एकदाही ऐकवलं नाही.

मग मेहनतीला काही अर्थच नाही का, असं लगेच विचारलं जातं. आहे. सव्वा वर्ष डोकं फोडलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. पण मेहनतीने तुम्ही स्वतःच्या कालच्या खेळापेक्षा किती पुढे गेलात ते कळतं. शेजाऱ्याचा खेळ मोजायचा तर त्याची पहिली चाल ठाऊक असावी लागते.

ही तुलना लंगडी आहे, हेही मान्य. गेममधल्या संगणकाला भूक नाही, अपमान नाही, आणि त्याला खैरात मिळते ती माझ्या करमणुकीसाठी. माणसांच्या पटावर असं काही नसतं. पण एका बाबतीत गेम आपल्यापेक्षा सरळ आहे. कुणाला किती जास्त मिळणार, हे तो लपवत नाही. पातळी निवडतानाच कळतं की पुढे विषम खेळ आहे. त्यानंतर संगणक जिंकला तर तो मेरिटवर जिंकला असं कुणी म्हणत नाही. आपण मात्र तीन सेटलर घेऊन येतो, ते मोजत नाही, आणि एका सेटलरवाल्याला कुणी हात दिला की नियम मोडला म्हणून ओरडतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, यापेक्षा थोडक्यात. “ते रिझर्वेशन नाही, ती वडिलोपार्जित इस्टेट आहे. आणि ती आपल्याकडे आहे.” दोघांनी अंगठे दिले. गॅरेजवाला मित्र काही बोलला नाही, त्याने निळ्या खुणा तेवढ्या दिल्या. ज्याने विनोद केला होता त्याने लिहिलं, “यार, ग्रुपवर राजकारण नको.”

त्याचा विनोद आला तेव्हा राजकारण नको असं कुणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.