मांडवाचं कापड पेट घेतं का? भाडं ठरवताना हे विचाराच

लग्नसराई आली की तालुक्याचं मंगल कार्यालय असो की शेतातला मांडव, जिकडेतिकडे कापडच. वर झालर, बाजूला पडदे, स्टेजवर फोमचा सोफा. ताटं किती, डीजे किती वाजेपर्यंत, हे यजमान पक्कं करतो. कापड पेट घेतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

२३ डिसेंबर १९९५ला हरियाणातल्या डबवालीत लग्नाच्या हॉलवर शाळेचा कार्यक्रम होता. सिंथेटिक मांडव पेटला आणि ४०० हून जास्त माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. २९ डिसेंबर २०१७ला मुंबईच्या कमला मिल आवारात १४ जीव गेले. तिथे हुक्क्याच्या निखाऱ्याने पडदा पेटल्याचं चौकशीत पुढे आलं.

सिंथेटिक कापड वितळतं आणि त्याचे जळते थेंब खाली माणसांच्या अंगावर पडतात. सोफ्यातला फोम पेटला की विषारी धूर होतो. ज्वाळा पोचण्याआधी माणूस त्या धुराने गुदमरतो.

उपाय आहे आणि सुती कापडासाठी तो महागही नाही. अमोनियम सल्फेट, बोरॅक्स, बोरिक ॲसिड, तुरटी अशा क्षारांच्या पाण्यात कापड बुडवून वाळवतात. मांडवांसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानकही आहे. असं कापड अजिबात जळत नाही असं नाही, पण आग पसरायला वेळ लागतो. गावात बंब नसतो, तो तालुक्याहून यायचा. म्हणून ती चार-पाच मिनिटंच माणसं बाहेर काढतात.

मग अडतं कुठे? हे क्षार पाण्यात विरघळतात. कापड धुतलं किंवा पावसात भिजलं की प्रक्रिया पुन्हा करावी लागते. पॉलिस्टरवर तर हे क्षार नीट टिकतच नाहीत, त्याला कारखान्यातच वेगळी प्रक्रिया लागते.

राज्याच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकली आहे. यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. पण आग विझवायचा सिलिंडर भिंतीवर कायम असतो, डेकोरेशनचं कापड दर लग्नाला बदलतं. हॉलवाला डेकोरेटरकडे बोट दाखवतो, डेकोरेटर हॉलवाल्याकडे. जानेवारीचा दाखला मे महिन्यातल्या झालरीबद्दल काय सांगणार?

तेव्हा ही चौकशी यजमानालाच करावी लागेल. कापडावर प्रक्रिया कधी केली, त्यानंतर ते धुतलं का, हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. डेकोरेटरसमोर, मोकळ्या जागी, बोटभर चिंधी चिमट्यात धरून पेटवून बघा. काडी बाजूला केल्यावरही ती जळत राहिली किंवा थेंब गळाले, तर ते कापड नको म्हणा. आचाऱ्याची भट्टी आणि जनरेटर कापडापासून लांब ठेवा. बाहेर पडायच्या वाटेवर पडदा नको, खुर्च्याही नकोत.

गिऱ्हाईक विचारायला लागलं, तरच डेकोरेटर कापड बदलेल.