संगणकदानाचा हिशेब

दान हा शब्द उच्चारला की वर्धा जिल्ह्यातील माणसाला विनोबांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. १९५१ साली येथून पायी निघालेल्या विनोबांना तेलंगणातील पोचमपल्लीत भूदानाची पहिली जमीन मिळाली. १७ मे १९९९ रोजी अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने जगापुढे एक निराळीच झोळी पसरली. मागणी होती घरोघरी रिकाम्या बसणाऱ्या संगणकांच्या वेळेची, आणि कार्य होते पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीवसृष्टीच्या शोधाचे. ‘सेटी अ‍ॅट होम’ नावाच्या या उपक्रमात पुढील वीस वर्षांत लक्षावधी लोक सामील झाले.

त्याची रीत साधी होती. पोर्तो रिकोतील आरेसिबो येथील प्रचंड रेडिओ दुर्बीण आकाशातून येणारा गोंगाट टिपून घेई. त्या नोंदींचे लहान लहान तुकडे करून ते घरोघरीच्या संगणकांकडे धाडले जात. मालक उठून गेला की संगणक आपला तुकडा चाळू लागे व उत्तर परत पाठवी. निसर्गातील रेडिओ लहरी बहुधा अनेक कंप्रतांवर विखुरलेल्या असतात. एखादा संकेत अत्यंत अरुंद पट्ट्यात एकवटलेला आढळला, तर तो कोणी बुद्ध्या पाठविला असण्याचा संभव असतो. शोध होता तो अशा संकेताचा.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या योजनेचे आकर्षण वाटावे हे उघड आहे. पडून राहिलेली क्षमता उपयोगात आणणे यापरता काटकसरीचा मार्ग कोणता? तथापि रिकामे म्हणजे फुकट नव्हे. संगणकाला या कामासाठी १०० वॅट अधिक वीज लागते आणि तो रोज दहा तास चालतो असे धरले, तर वर्षाकाठी ३६५ युनिटे होतात. युनिटला ८ रुपये धरल्यास ही रक्कम २,९२० रुपयांवर जाते. शिवाय विदर्भात ती वीज मुख्यतः कोराडी-चंद्रपूरच्या कोळशातून येते आणि तिची राख व धूर आपल्याच प्रदेशाच्या वाट्याला येतात. दात्याला आपण काही देतो आहोत याची जाणीवही नसावी, असे हे दान आहे.

घरच्या संगणकापुरता हा ज्याचा त्याचा प्रश्न म्हणता येईल. शाळा-महाविद्यालयांच्या संगणकांची गोष्ट वेगळी आहे. २००९ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात एका शाळा-मंडळाच्या कर्मचाऱ्याने मंडळाच्या संगणकांवर हा कार्यक्रम चालविल्याचे प्रकरण गाजले. वीज व दुरुस्तीपोटी दहा लाख डॉलरहून अधिक नुकसान झाल्याचा मंडळाचा दावा होता. रक्कम खरी की फुगविलेली हा वाद बाजूला ठेवला, तरी सार्वजनिक मालमत्ता हे व्यक्तीचे दानद्रव्य नव्हे, हे तत्त्व उरतेच. कार्य उदात्त असले म्हणून दुसऱ्याच्या खिशातून दान करता येत नाही.

आता या दानाचे फलित पाहू. ३१ मार्च २०२० रोजी घरोघरी काम धाडणे थांबले आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला आरेसिबोची दुर्बीण कोसळली. परग्रहावरचा संकेत सापडला नाही. जमलेल्या सुमारे बारा अब्ज नोंदी संशोधकांनी अनेक वर्षे चाळल्या, तेव्हा पुन्हा पाहण्याजोगे सुमारे शंभर संकेत उरले. ते तपासण्यासाठी चीनमधील ‘फास्ट’ दुर्बिणीचे साहाय्य घेण्यात आले. यातील बोध लक्षात घेण्यासारखा आहे. गणना विपुल मिळाली, परंतु खरे-खोटे निवडणारी जाणती दृष्टी मूठभरांकडेच होती आणि काम अडले ते तेथेच. दुर्मीळ घटक यंत्र नव्हता, माणूस होता.

भूदानाचा अनुभवही असाच आहे. मिळालेल्या जमिनीपैकी बरीच नापीक निघाली आणि चांगली जमीनही बैल, बियाणे व विहीर यांवाचून पिकेना. म्हणूनच भूदानाच्या जोडीला साधनदान, कूपदान, श्रमदान आणि बुद्धिदान आले. जे सहज शिल्लक आहे ते देणे सोपे असते. ज्याची खरी वाण आहे ते दिल्यानेच शेत पिकते.

हे बुद्धिदान महाराष्ट्रातील दुर्बिणीच्या संदर्भात घडतेही आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. २०१३ साली सुरू झालेला ‘रॅड अ‍ॅट होम’ हा भारतीय उपक्रम सामान्य पदवीधरांना व विद्यार्थ्यांना आकाशाची रेडिओ चित्रे वाचावयास शिकवितो. येथे संगणक उसना मागत नाहीत, नजर मागतात. एका आकाशगंगेतील कृष्णविवरातून निघालेला झोत शेजारच्या आकाशगंगेवर आदळत असल्याचा ‘रॅड-१२’ हा शोध २०२२ साली या उपक्रमातून प्रसिद्ध झाला. त्यासाठी खोडदच्या दुर्बिणीनेच निरीक्षणे केली होती.

नाचणगाव-पुलगावकडच्या विद्यार्थ्याला महागडी प्रयोगशाळा मिळणे कठीण, हे मान्यच केले पाहिजे. परंतु आकाशाचे चित्र लक्षपूर्वक वाचण्यास तिची गरज नाही. त्यास हवा शिकविणारा शिक्षक, आठवड्याचे काही तास आणि चिकाटी. घरचा संगणक ज्याला विज्ञानकार्यास द्यावयाचा असेल, त्याने विजेचे देयक स्वतः भरून अवश्य द्यावा. मात्र आपल्या महाविद्यालयांनी रात्री संगणक चालू ठेवण्यापेक्षा दिवसा विद्यार्थ्यांचे डोळे उघडे ठेवण्याची व्यवस्था करावी. ते दान अधिक महाग आहे, आणि आज त्याचीच टंचाई आहे.