घरगुती विज्ञान : मेश वायफाय मंद कां होतें?

घरांत तीन मेश-यंत्रें बसवूनहि परदेशस्थ मुलाशीं बोलतांना त्याचा चेहरा पडद्यावर मधूनच गोठतो, अशी तक्रार अनेक गृहिणी आमच्याकडे करितात. अशा वेळीं अधिक दराची योजना घेण्याची घाई करूं नये. आधीं दोषाचें स्थान शोधावें.

मुख्य राउटरास लॅपटॉप तारेनें जोडून वेग मोजावा. तो तेथेंच कमी भरला, तर दोष बाहेरचा, राउटरचा किंवा तारेचा. पुरता भरला, तर तो घरांतल्या लहरींचा समजावा.

उपयंत्र एकाच रेडिओनें माहिती घेऊन पुढें धाडीत असेल, तर प्रत्येक टप्प्यास वेग सुमारें निम्मा होतो. शिवाय, जेथें लहरी पोंचत नाहींत त्याच खोलींत तें ठेवण्याचा मोह पुष्कळांस होतो. परंतु ज्यास स्वतःलाच ऐकूं येत नाहीं, तो दुसऱ्यास काय सांगणार? तें वाटेंत मध्यावर ठेवावें. लोखंडी कपाट, आरसा व पाण्याची टाकी आड येऊं देऊं नये.

जाड भिंतींत ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या मानानें लवकर क्षीण होतात. तेथें यंत्रें तारेनेंच जोडावीं. दरमहा अधिक पैसे भरण्यापेक्षां वायरमनकडून एकदां भिंतीस भोंक पाडून घेणें स्वस्त पडतें, असें आमचें मत आहे.