छप्पन्नाव्या वर्षी मातीतली मोटारसायकल

गेल्या ऑक्टोबरमधला एक रविवार. आमचे हे फजरची नमाज पढून बाहेर पडले आणि साडेदहाला परत आले ते विटांच्या लाल भुकटीने डोक्यापासून पायापर्यंत माखून. मी दार उघडून एवढंच विचारलं, "किती वेळा?"

"चार," म्हणाले आणि सरळ न्हाणीघरात गेले. आतून गुणगुणणं ऐकू आलं. चार वेळा पडून आलेला माणूस एवढा खुशीत असतो, हे मला निकाहानंतर तीस वर्षांनी कळलं.

भगिनींनो, गेल्या महिन्यात मी लिंबाच्या लोणच्यावर लिहिलं होतं आणि या वेळी मोटारसायकलवर लिहिते आहे, म्हणून हसू नका. आमच्या घरात हा विषय साधा नाही. माझा धाकटा भाऊ १९९८ साली मोटारसायकलवरून गेला. वय चोवीस. त्यानंतर अम्मीच्या घरात 'बाइक' हा शब्द कुणी काढत नाही. माझ्या मुलाने एकोणिसाव्या वर्षी गाडी मागितली, तेव्हा मी एका शब्दात नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. आज तो सत्तावीस वर्षांचा आहे आणि कल्याणहून ठाण्याला लोकलने लोंबकळत नोकरीला जातो.

आणि आता ५६ वर्षांच्या त्याच्या अब्बांनी, कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर सहा महिन्यांत, जुनी हीरो एक्सपल्स घेतली. रस्त्यावर चालवायला नाही. दगडमातीत, चढउतारावर, रस्ता संपतो तिथून पुढे चालवायला.

मुलगा त्या रात्री जेवताना म्हणाला, "मला नाही म्हणालीस. अब्बांना कसं चाललं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताट तसंच ठेवून तो उठला. आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं.

मी अटी घातल्या. हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, गुडघ्यांचे आणि कोपरांचे गार्ड, छाती-पाठीचं कवच हे सगळं आधी घ्यायचं, मगच गाडीला हात लावायचा. (खर्च ऐकून मी गप्प झाले. जुन्या गाडीच्या किमतीचा पाव भाग यातच गेला.) एकटं जायचं नाही. निघण्याआधी साखर तपासायची, कारण ह्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. खिशात खजूर ठेवायचे. रोजा असेल त्या दिवशी गाडी नाही. आणि शिकवणारा असल्याशिवाय चालवायची नाही. ही शेवटची अट ह्यांना आवडली नाही. "मी १९८८ पासून चालवतोय," म्हणाले. मी म्हटलं, तेच तर.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी हृदय तपासलं, रक्तदाब पाहिला, आणि मला नवल वाटलं, पायांच्या तळव्यांना टोकदार काहीतरी लावून विचारलं, कळतं का? जुन्या मधुमेहात पायांची जाणीव कमी होते, आणि मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायात असतो. जाणीव शाबूत निघाली, अल्हम्दुलिल्लाह. ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी नीट बोलावं, असं त्यांनी बजावलं. साध्या पडण्यातही आत रक्त साकळू शकतं. परवान्याचंही पाहून घ्या. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून पंचावन्न ओलांडलेल्यांना परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि सोबत नमुना १-ए हे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

एका रविवारी मी स्वतः बघायला गेले. मुरबाड रस्त्याने रायत्याचा पूल ओलांडून पुढे ओळखीच्या माणसाची वीटभट्टी आहे. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात, दिवाळीपर्यंत जागा मोकळी पडून असते. मालकाला विचारून तिथे शिकवणी चालते. बदलापूरचा एक तरुण शिकवतो. वयाने आमच्या मुलाएवढा, आणि ह्यांना "अंकल, नजर! नजर कुठे आहे?" असं ओरडतो. घरात ह्यांच्यावर आवाज चढवायची कुणाची हिंमत नाही. तिथे मान खाली घालून ऐकत होते.

मला वाटलं होतं, गाडी उडेल, धूळ उठेल, मी डोळे मिटून दुआ मागत बसेन. तसं काहीच झालं नाही. पहिला अर्धा तास गाडी मुद्दाम आडवी करायची आणि उचलायची, एवढंच. दीडशे किलोंहून जास्त वजन हातांनी ओढून उचललं तर कंबर जाते. म्हणून पाठ सीटला टेकवायची, गुडघ्यांत वाकायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या पकडीला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उभं राहायचं. गाडी उजव्या अंगाला पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाऊन पडते. हे मी आता झोपेतही सांगेन.

मग उभं राहून चालवणं. सीटवर बसायचंच नाही. सगळं वजन पायांखालच्या फुटरेस्टवर, गुडघे टाकीला हलके चिकटलेले, कोपरं बाहेर. खालून गाडी दगडांवर हवी तशी नाचते, वरचा माणूस स्थिर राहतो. हँडल घट्ट आवळलं की पडलंच समजा. विटांचे दोन ढीग ठेवले होते, त्यांच्यामधून आठाचा आकडा काढायचा, इतक्या हळू की शेजारून शाळेतला पोर सायकलवर पुढे निघून गेला. बोट क्लचवर, पाय मागच्या ब्रेकवर, पुढचा ब्रेक अगदी अलगद, कारण भुसभुशीत मातीत पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही. आणि नजर जिथे जायचं आहे तिथे. खड्ड्याकडे पाहिलं की गाडी खड्ड्यातच जाते.

एक्सपल्स २०१९ साली बाजारात आली, इंजिन २०० सीसीचं. पुढचं चाक २१ इंचाचं असल्याने दगडावर चढून जातं. हिमालयनसारख्या गाड्या दोनशे किलोंच्या घरात जातात. ह्यांचं मन तीवर होतं. त्या तरुणाने सरळ विचारलं, "अंकल, दिवसातून दहा वेळा उचलणार?" विषय संपला. या वयात सुरुवात करणाऱ्याने हलकी गाडी घ्यावी, हे माझंही मत. शान नंतर.

परतताना मी गाडीत गप्प होते. माझा भाऊ डांबरी रस्त्यावर गेला, वेगात. इथे ह्यांचं पडणं दोन पावलांच्या वेगातलं होतं. दोन्ही एकच असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तरी भीती गेली असं म्हणणार नाही. पन्नाशीनंतर मनगटाचं हाड हळू जुळतं, आणि हळू पडलं तरी हाड मोडायचं तर मोडतंच.

मुलगा बोलता झाला तो जानेवारीत. डकार रॅलीमुळे. ती शर्यत २०२० पासून सौदीत होते. माझा दीर दम्मामला असल्याने घरात तेवढं कौतुक. २०२४ साली केरळच्या हरित नोआने तिथे आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला होता, एकूण क्रमवारीत अकरावा. ते जुने व्हिडिओ बापलेक मोबाइलवर बघत बसले. मुलाने वाळूतलं उभं राहणं पाहिलं आणि म्हणाला, "अब्बा, तुमची कोपरं अशी नसतात." मग टेड सायमन नावाच्या इंग्रज पत्रकाराचं सांगितलं. १९७३ साली मोटारसायकलवरून जगाच्या सफरीला निघालेला हा माणूस २००१ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा त्याच वाटेने निघाला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मुरबाडपर्यंत पुरे.

एक गोष्ट मात्र मला खटकते ती लिहितेच. काही टोळकी गाड्या घेऊन कुठेही घुसतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, शहापूरकडे तानसा अभयारण्य आहे. तिथे मोटारसायकलने धुडगूस घालायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोकळीक दिलेली नाही. आणि भातखाचरांचे बांध हे कुणाच्या खेळासाठी नाहीत. एक बांध फुटला तर शेतकऱ्याचं पाणी जातं. ह्यांना मी सांगून ठेवलं आहे, मालकाला विचारल्याशिवाय चाक आत घालायचं नाही.

फेब्रुवारीपासून मुलगाही रविवारी जातो. त्याला गाडी घेऊन दिलेली नाही, तो अब्बांच्याच गाडीवर आळीपाळीने शिकतो. होकार मी दिला की नाही, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

अम्मीला सांगायचं राहिलं होतं. ती ८२ वर्षांची, चार घरं सोडून राहते. रविवारी सकाळी दोघं कुठे जातात, असं तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी सांगून टाकलं. ती काही बोलली नाही, तसबीह मोजत राहिली. संध्याकाळी काठी टेकत आमच्या बिल्डिंगखाली आली. जावई धावत उतरले, मागोमाग नातू. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली. टायरची खोल नक्षी बोटाने चाचपली.

"ब्रेक कुठला?" तिने विचारलं.

ह्यांनी हँडलवरचा दाखवला, मग पायाजवळचा. अम्मीने हातातला दोनदा दाबून बघितला, मग काठीच्या टोकाने पायातला. नातवाला म्हणाली, "तू दाब." त्याने दाबला. मग ती वर चहाला आली.