शर्यतीची फियाट आणि कोरी वही

माझा एक जुना विद्यार्थी परवा घरी आला. मुकुटबनकडे त्याचे छोटे गॅरेज आहे. "सर, १९६९ ची फियाट मिळतेय. बंद आहे, पण स्वस्तात देतो म्हणतो. तयार करून शर्यतीत उतरवतो." पैसे कुठले, विचारले. गॅरेजच्या लिफ्टसाठी साठवलेले, म्हणाला.

मी त्याला नाही म्हणालो नाही. ही गाडी आपल्याच राज्यातली, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात बनलेली. १०८९ सीसीचे साधे इंजिन. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशाच फियाट फेरफार करून शर्यतीत धावल्या. पण आपल्याकडे शंकरपटाची जोडी घेणारा शेतकरीही आधी ढेप-सरकीचा हिशेब करतो. म्हणून त्याला म्हणालो, वही काढ.

पहिल्या पानावर एकच प्रश्न लिही: व्हिंटेज की शर्यत? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीची व्हिंटेज नोंदणी २०,००० रुपयांत होते आणि १० वर्षे चालते. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल चालत नाहीत. नोंदणीनंतरही रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे जपायची गाडी आणि पळवायची गाडी, या दोन वाटा आहेत. सौद्याआधीच एक निवडावी. शर्यत निवडली, तर ज्या स्पर्धेत उतरायचे तिची नियमावली आधी वाच. तुझ्या गाडीला तिथे गटच नसेल तर सगळा खर्च पाण्यात.

दुसऱ्या पानावर खर्च, पण उलट्या क्रमाने. आधी थांबण्याचा, मग पळण्याचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यांचे सिलिंडर, पाइप, नवे टायर. रोल केज, सीटचे पट्टे, हेल्मेट, अग्निशामक. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने खराब होतात, तेही बदलायचे. मग इंजिन. रंग सर्वांत शेवटी. शिवाय एफएमएससीआयचा परवाना आणि चेन्नईपर्यंत ट्रकचे जाणे-येणे. जेवढ्याला गाडी, निदान तेवढेच पुन्हा बाजूला ठेवावे. बंद इंजिन उघडल्यावर काय निघेल ते कोण सांगणार?

त्याने सगळे लिहिले, पण एक रकाना कोराच होता. स्वतःची मजुरी. "माझेच तर हात आहेत, सर."

इथेच आपण चुकतो. आपल्या कितीतरी घरांत पोरे पाना-पकड हातात घेऊन मोठी झाली, आणि त्या हातांची किंमत आपणच शून्य लिहितो. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. मग स्वतःच्या घामाचा हिशेब का नको? फियाटपाशी घालवलेला प्रत्येक तास गिऱ्हाइकाच्या गाडीचा आणि घरच्यांचा तास आहे.

शौक हराम नाही. उधळपट्टी वाईट. दोन्हींतला फरक त्या वहीतच कळतो.

तो रकाना भरून आणतो म्हणाला आहे. लिफ्टचे पैसे तोवर बँकेतच आहेत.