कोच बदलेल, पण त्याला काम कोणतं देणार?

भारतीय फुटबॉल टीमचा नवा कोच १ ऑगस्ट २०२५ ला ठरणार होता. तीन नावं शर्यतीत होती. मात्र ‘देशी की विदेशी’ या भांडणात खरा प्रश्न बाजूलाच पडलाय.

जुलै २०२५ मध्ये प्रत्येकाच्या फोनवर एक भन्नाट बातमी फिरत होती. बार्सिलोनाचा झावी भारताचा कोच व्हायला तयार आहे, त्याने चक्क अर्ज पाठवलाय आणि परवडणार नाही म्हणून आपल्या फुटबॉल महासंघाने तो बाजूला ठेवलाय! मीम्सचा नुसता पाऊस पडला. मग महासंघाने खुलासा केला, की झावी आणि पेप गार्डिओला या दोघांच्या नावाने आलेले अर्ज खरे नव्हतेच.

हसून झालं असेल तर आता खऱ्या यादीकडे वळू. १७० अर्ज आले. आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीने त्यातून तिघांना निवडलं : खालिद जमील, स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्टेफान टार्कोविच. यातला एक जण महासंघाची कार्यकारी समिती निवडणार होती. जमील यांची निवड झाली तर १३ वर्षांनी भारतीय टीमला भारतीय कोच मिळणार होता. याआधीचे होते गोव्याचे सावियो मदेरा, २०११-१२ मध्ये.

आपण नेमके कुठे होतो?

स्पष्टच सांगायचं तर, वाईट जागी. २०२४ या अख्ख्या वर्षात आपल्या पुरुष टीमने एकही मॅच जिंकली नाही. जुलै २०२५ मध्ये फिफा क्रमवारीत आपण १३३ वर घसरलो. त्याच्या दोनच वर्षं आधी, जुलै २०२३ मध्ये, आपण ९९ वर होतो.

२०२५ मध्ये २०२७ च्या आशियाई करंडकाची पात्रता फेरी सुरू होती. आपल्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते. गटातून एकच टीम सौदी अरेबियाला जाणार होती. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-० बरोबरी झाली. १० जूनला हाँगकाँगमध्ये इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी दिली आणि ०-१ ने हरलो. म्हणजे दोन मॅच, एक पॉइंट आणि गोल शून्य. गटात तेव्हा आपण तळाला होतो. २०१९ आणि २०२३ अशा सलग दोन आशियाई करंडकांना पात्र ठरलेली टीम तेव्हा बाहेर फेकली जाण्याच्या बेतात होती.

या पराभवानंतर मानोलो मार्केझ गेले. त्यांच्या आठ मॅचचा हिशोब असा : एक विजय, चार बरोबरी, तीन पराभव. गोल पाच आणि त्यातले तीन एकट्या मालदीवविरुद्धचे. तेही कधी? निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला परत बोलावलं तेव्हा. चाळिशीतल्या त्या माणसाने येऊन गोलही केला. कौतुक छेत्रीचं करावं तेवढं थोडंच, पण बाकीच्या व्यवस्थेला लाज वाटायला हवी अशीच ही गोष्ट आहे.

कोच बदलला, आजार तोच

इथे थोडं मागे जाऊ. मार्केझ यांच्याआधी होते क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच. २०२३ मध्ये त्यांच्या टीमने इंटरकॉन्टिनेंटल कप आणि सॅफ करंडक जिंकला. ऑक्टोबरमध्ये महासंघाने त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई करंडकात आपण तीनही मॅच हरलो, एकही गोल न करता. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने हरवलं. जूनमध्ये स्टिमॅच यांना काढलं. करार बाकी असल्यामुळे सुमारे ४ लाख डॉलरची भरपाई मोजावी लागली.

मग मार्केझ आले. ते उत्तम कोच आहेत यात वादच नाही, पण ते एफसी गोवाचेही कोच होते. क्लब आणि देश, दोन्ही एकाच वेळी. जवळपास पहिलं वर्ष त्यांनी असंच काढलं. देशाच्या टीमचा कोच अर्धवेळ असू शकतो, हे ज्यांनी ठरवलं त्यांना कोणी जाब विचारला? नाही. गेले ते मार्केझ.

दोघांची पद्धत वेगळी, स्वभाव वेगळे. दोघांनाही एकच गोष्ट नडली : गोल करणार कोण? कोणी म्हणेल, हे तर कोचचंच काम. पण जरा थांबा. आयएसएलमध्ये एका वेळी मैदानात चार परदेशी खेळाडू चालतात. क्लब पैसे मोजतो तेव्हा परदेशी माणूस साहजिकच सगळ्यात महागड्या जागेवर आणतो, म्हणजे स्ट्रायकरच्या. त्यामुळे आपली पोरं विंगला जातात, बेंचवर बसतात किंवा शाळेत असतानाच ‘तू बॅकला खेळ’ असं ऐकतात. २०२४-२५ च्या मोसमात आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय होता छेत्रीच, १४ गोल. राष्ट्रीय कोचला हे खेळाडू मिळतात ते फिफाच्या विंडोमध्ये, मोजक्या दिवसांसाठी. तेवढ्या दिवसांत तो बचाव बांधू शकतो, कॉर्नर घोटून घेऊ शकतो. स्ट्रायकर मात्र दहा दिवसांत तयार होत नाही.

तिघांच्या जमेच्या बाजू

कॉन्स्टंटाइन आपल्याला चांगलेच माहीत आहेत. २००२ ते २००५ आणि २०१५ ते २०१९ अशा दोनदा त्यांनी भारताला कोचिंग केलं. दुसऱ्या वेळी टीम १७३ व्या क्रमांकावरून ९६ पर्यंत आली आणि २०१९ च्या आशियाई करंडकात थायलंडला ४-१ ने हरवलं. नंतर पाकिस्ताननेही विश्वचषक पात्रतेतली आपली पहिली मॅच त्यांच्याच हाताखाली जिंकली. कमी साधनांत टीम उभी करणं त्यांना जमतं. पण तिसऱ्यांदा तोच माणूस? म्हणजे सहा वर्षांत आपल्याला नवं काही सुचलंच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

टार्कोविच यांचा बायोडेटा कागदावर सगळ्यात भारी. स्लोव्हाकियाला त्यांनी युरो २०२० मध्ये नेलं, तिथे पोलंडला २-१ ने हरवलं. नंतर किर्गिझस्तान, म्हणजे आशियाई फुटबॉलही पाहिलंय. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरशी लागोपाठ दोन मॅच होत्या : ९ तारखेला त्यांच्याकडे आणि १४ ला आपल्याकडे. तोवर त्यांनी खेळाडूंची नावं पाठ करायची की टीम बांधायची?

राहिले जमील. जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया अशी त्यांची सगळी घडण मुंबईतली. २००९ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी मुंबई एफसीचे कोच झाले. खिशात पैसे कमी, हाताशी स्टार नाहीत. तरी सात वर्षं टीम आय-लीगमध्ये टिकवली. २०१६ मध्ये क्लबशी फारकत झाली आणि ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. ही टीम आधीच्या मोसमात खालच्या श्रेणीत घसरली होती, तिला नंतर परत घेतलं गेलं. त्याच टीमने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली, मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून! त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिली आणि लीगमधून बाहेर गेली. मुंबईकरांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी मोसमाच्या मध्यात हातात घेऊन आयएसएलच्या प्लेऑफमध्ये नेलं. २०२४-२५ च्या मोसमात जमशेदपूरला लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या फायनलमध्ये नेलं. गंमत म्हणजे ती फायनल ते हरले मार्केझ यांच्या गोव्याकडून. सलग दोन वर्षं महासंघाचा सर्वोत्तम कोचचा पुरस्कारही त्यांनाच मिळालाय.

माझं मत विचाराल तर जमील. पण ते भारतीय आहेत म्हणून नव्हे. तेव्हा समोरचं तातडीचं काम होतं पात्रता फेरीच्या उरलेल्या चार मॅच, आणि त्यासाठी लागतो तो कमी दिवसांत टीम आवळून बांधणारा, लीगमधला जवळपास प्रत्येक भारतीय खेळाडू प्रतिस्पर्धी म्हणून अभ्यासलेला माणूस. २०२५ पर्यंत हे काम ते १६ वर्षं करत आले होते.

‘आपला माणूस’ हे कारण पुरत नाही

भारतीय कोच म्हटलं की सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव निघतंच. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. ताजं उदाहरणही आहे. ५ जुलै २०२५ ला आपल्या महिला टीमने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी खेळून आशियाई करंडक गाठला. कोच होते क्रिस्पिन छेत्री, भारतीयच.

पण उलट बाजूही बघा. ५ जून २०२५ ला एकाच दिवशी उझबेकिस्तान आणि जॉर्डन हे दोन देश पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरले. तेव्हा उझबेकिस्तानचा कोच तिमूर कपाद्झे त्यांचाच होता, जॉर्डनचे जमाल सेल्लामी मोरोक्कोचे. पासपोर्टने काय ठरलं? काहीच नाही. उझबेकिस्तानने २०२३ मध्ये २० वर्षांखालचा आणि २०२५ मध्ये १७ वर्षांखालचा आशियाई करंडक जिंकला, २०२४ मध्ये त्यांची टीम ऑलिंपिकला गेली. कपाद्झे त्या ऑलिंपिक टीमचेच कोच होते. त्यांना खुर्ची मिळाली तेव्हा खाली पाया तयार होता.

आपल्याकडे काय तयार होतं? आयएसएलचा पुढचा मोसमच ११ जुलै २०२५ ला थांबवण्यात आला. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, नव्याचा पत्ता नव्हता. म्हणजे नव्या कोचने खेळाडू बघायचे कुठे, हाच प्रश्न होता. लीग नाही तर मॅच फिटनेस नाही, आणि मॅच फिटनेस नसलेली टीम घेऊन सिंगापूरला जायचं होतं.

हरले तर हरलं कोण?

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. स्टिमॅच हरले तेव्हा ‘स्टिमॅच गेले’ म्हणून विषय संपला. क्रोएशियन कोच नकोतच, असं कोणी म्हटलं नाही. जमील हरले तर मात्र म्हणतील, ‘बघा, भारतीय कोचला जमत नाही.’ आणि दार पुन्हा दहा-बारा वर्षांसाठी बंद. याचा फटका एकट्या जमील यांना बसणार नाही. मुंबईत, गोव्यात, कोल्हापुरात लायसन्सच्या परीक्षा देत सकाळी सहाला पोरांना ट्रेनिंग देणारे कोच आहेत, त्यांनाही बसेल. शाहू स्टेडियमवर हजारोंनी गर्दी करणाऱ्या कोल्हापुरातल्या एखाद्या पोराने ‘मी कोच होईन’ म्हटलं, तर पोहोचायचं कुठपर्यंत हे त्याला दिसायला तर हवं.

म्हणून कोचचं नाव जाहीर झालं की टाळ्या किंवा शिव्या देण्याआधी चार गोष्टी तपासा.

* कोच पूर्णवेळ आहे का? जुलै २०२५ मध्ये जमील यांचा जमशेदपूरशी करार होता. पुन्हा ‘दोन्हीकडे थोडं थोडं’ नको.
* करार किती काळाचा, आणि त्याला कशावर जोखणार हे लिहून ठेवलंय का? चार मॅचसाठी एक निकष, दोन वर्षांसाठी दुसरा.
* शिबिराला किती दिवस मिळणार? स्टिमॅच यांची सततची तक्रार हीच होती. क्लबांशी हे आत्ताच ठरलं पाहिजे.
* स्ट्रायकर घडवण्याची जबाबदारी कोणाची? ती मुख्य कोचची नव्हे. ती लीगचे नियम, वयोगटाच्या स्पर्धा आणि महासंघ यांची आहे.

पहिल्या तीन गोष्टींसाठी फार पैसेही लागत नाहीत. लागतो तो कागद, तारीख आणि सही. त्या नसतील, तर जमील येवोत, कॉन्स्टंटाइन येवोत की टार्कोविच, आपण पुन्हा नवीन शॉर्टलिस्टवर चर्चा करत बसू. तेव्हाही कोणीतरी झावीच्या नावाने ईमेल पाठवेलच.